पुरातली होडी आणि घाटावरचा आकडा

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाजवळ, पुराने वेढलेल्या लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि सतरा माणसे गेली. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. ही माणसे हौसेने पाण्यावर गेली नव्हती, जीव वाचवायला बोटीत बसली होती. बोट स्थानिक होती आणि तिला पेलतील त्याहून अधिक माणसे तिच्यात चढली होती. नंतर प्रशासन उशिरा पोहोचले, गावाने वेळेत घरे सोडली नाहीत, बोटीत जास्त माणसे घेतली गेली, असे दोषारोप झाले, आणि या प्रत्येकात थोडेफार तथ्य होते. मात्र चढत्या पाण्यात ही बोट सोडायची की नाही आणि सोडायची तर किती माणसांना घेऊन, हे ठरवण्याचा अधिकार त्या क्षणी नेमका कोणाकडे होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अधिकार कोणाकडेच नव्हता. काठावर घाबरलेली गर्दी होती, पुढ्यात एक बोट होती आणि निर्णय गर्दीच्या रेट्याने झाला.

नदीला पाणी चढलेले असताना होडी सोडावी की नाही, हा नावाड्याच्या हिमतीवर किंवा उतारूंच्या निकडीवर सोडण्याचा विषय नाही, असे माझे ठाम मत आहे. माणसांची ने-आण होते अशा प्रत्येक घाटावर पाण्याची एक पातळी आधीच ठरलेली असावी, ती दगडावर रंगवलेली असावी आणि पाणी तिथे पोहोचले की प्रवासी होडी बंद व्हावी. होडी बंद राहिल्याने जे नुकसान होईल, ते मात्र नावाड्याने आणि पलीकडे शेत असलेल्या माणसाने सोसू नये. ते सरकारने भरून द्यावे. या दोन गोष्टी एकत्र केल्या तरच उपयोग आहे. नुसती पहिली केली तर बंदी कागदावर राहते, आणि नुसती दुसरी करायला कोणतेही सरकार तयार होत नाही.

पाण्याची ओढ वाढते म्हणजे काय होते, हे काठावरून नीट कळत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. नदीचे पात्र तीनशे मीटर रुंद आहे आणि वल्ह्याची होडी सेकंदाला एक मीटर वेगाने पैलतीराकडे सरकते, असे धरू. ओलांडायला पाच मिनिटे लागतील. हिवाळ्यात धार सेकंदाला तीस सेंटीमीटर असेल, तर तेवढ्या वेळात होडी सुमारे नव्वद मीटर खाली वाहते. जाणता नावाडी म्हणूनच आधी काठाकाठाने होडी वर नेतो आणि मग पात्रात घालतो. पुरात हीच धार सेकंदाला अडीच मीटर झाली, तर होडी साडेसातशे मीटर खाली जाते. घाट सुटतो, ओळखीचा काठ सुटतो, आणि पाऊण किलोमीटर खाली काय आहे यावर उतारूंचे नशीब ठरते. तिथे पूल असेल, बंधारा असेल, वाकलेली बाभळीची रांग असेल. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट होतो. ज्या वल्ह्याने वर्षभर होडी वळवली, त्याच वल्ह्याने ती पुरात वळत नाही, आणि त्यात वल्हे मारणाऱ्याचा दोष नसतो.

इंजिन असले की हा प्रश्न सुटतो, अशी एक समजूत आहे. इंजिनामुळे वेग मिळतो हे खरे, पण पुराच्या पाण्यातून जलपर्णी, उसाचा पाला, दोऱ्या, कपडे आणि तुटलेल्या फांद्या वाहत असतात आणि त्या पंख्यात गुंततात. इंजिन बंद पडले की काही क्षणांत बोट धारेला आडवी होते. आडवी झालेली बोट झाडाला किंवा खांबाला टेकली की पाणी तिला खालून उचलू लागते. अशा वेळी घाबरलेली माणसे झाडापासून दूर, म्हणजे नेमकी धार येते त्या बाजूला सरकतात. ती कड खाली जाते, पाणी आत शिरते आणि बोट भरते. धारेच्या नद्यांत बोटी उलटण्याची ही अगदी नेहमीची रीत आहे. कृष्णा-वारणेच्या काठी पूर पात्र सोडून मळ्यात आणि गावात पसरतो तेव्हा बोटी शेतांवरून, कुंपणाच्या तारांवरून, विहिरींच्या काठांवरून आणि विजेच्या खांबांमधून जातात. वरून सगळे एकसारखे गढूळ पाणी दिसते. खाली काय आहे ते गावातला माणूस आठवणीने सांगू शकतो, म्हणून बचावाच्या बोटीत गावचा माणूस असलाच पाहिजे. पण ती आठवणही रात्री आणि भर पावसात अपुरी पडते.

याहून फसवा धोका बंधाऱ्यांचा आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. महाराष्ट्राच्या नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, तरी खालचे बांधकाम पात्रात असतेच आणि पाणी वाढले की ते त्यावरून वाहू लागते. वरच्या बाजूने येणाऱ्या होडीतून हा उंचवटा जवळ जाईपर्यंत दिसत नाही; दिसते ती फक्त पाण्यावरची एक गुळगुळीत रेघ. बंधाऱ्यावरून पडलेले पाणी तळाशी जाते, तिथून वर येते आणि पृष्ठभागावरून उलटे बंधाऱ्याकडेच वाहते. या फेऱ्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याच्या पायाशी ओढली जाते. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की पोहणाऱ्याला आणि होडीलाही नेहमीची तरंगशक्ती मिळत नाही. पाणी फार चढले तर बंधारा पूर्ण झाकला जाऊन हा भोवरा सौम्य होऊ शकतो; सर्वांत वाईट असते ती मधली पातळी, जेव्हा नदी बघणाऱ्याला 'फार काही नाही' अशी वाटते. भोवऱ्यात शिरलेल्या बोटीपुढे प्रशिक्षणाचेही काही चालत नाही, हे २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत दिसले. बुडालेल्या तरुणाचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. पाण्यावर काम करणे हेच ज्यांचे काम होते, त्यांचा अंत असा झाला. अशा पाण्यात गावच्या होडीतून चार दुधाच्या किटल्या आणि आठ माणसे पलीकडे नेणे किती सुरक्षित, याचा विचार त्या दिवशी प्रत्येक काठावरच्या गावाने करायला हवा होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मोलाचा वाटतो. भोई आणि कोळी समाजातल्या नावाड्यांनी पिढ्यानपिढ्या नदी वाचली आहे. पाण्याचा रंग, फेस, वाहून येणारा काडीकचरा, काठाशी फिरणारे उलटे पाणी यांवरून ते जे ओळखतात ते कोणत्याही अधिकाऱ्याला कळणार नाही. मग रंगवलेल्या आकड्याने त्यांना काय शिकवावे? माझे उत्तर असे की त्यांचे ज्ञान खरे आहे, पण ज्या नदीवर ते घडले ती नदी बदलली आहे. पूर्वी पाणी चढायचे ते पावसाने, आणि त्याची चाहूल आकाशातून व वरच्या गावांतून लागायची. आता काठावर ऊन असताना धरणाचे दरवाजे उघडल्याने पाणी चढते. कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, खालच्या बाजूला अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागे कुठवर आला आहे, यांवर आज नदी चालते. वाळू उपशाने पात्रात खड्डे पडले आहेत, तिथे पाणी अनपेक्षित वळते. आजोबांनी ज्या ठिकाणी उतार दाखवला होता तिथे आता डोह असतो. नावाड्याचा अनुभव वाया गेलेला नाही. त्याला आता माहितीची जोड लागते. ती माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातून तलाठी आणि पोलीस पाटलापर्यंत जाते, आणि घाटावर बसलेल्या नावाड्यापर्यंत जाईलच याची खात्री कोणी देत नाही. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लाख लिटरहून अधिक पाणी. हा आकडा बातम्यांत वाचून शहरातला माणूस चहा घेतो, आणि ज्याची होडी त्या पाण्यावर उभी आहे त्याला तो आकडा त्याच्या घाटाच्या भाषेत, म्हणजे किती पायऱ्या बुडतील या भाषेत, कोणी सांगत नाही.

आकडा लोकांना कळतो, याचा पुरावा सांगलीतच आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाची पातळी सगळे शहर पाठ म्हणते: चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. पावसाळ्यात भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे 'आज किती फूट' असे विचारतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी अशीच सर्वतोमुखी असते, एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फूट. त्या आकड्यांवर दुकाने हलतात, जनावरे हलतात, शाळा बंद होतात. मग नदी ओलांडणाऱ्या होडीसाठी असा आकडा का नसावा? तो सगळीकडे एकच असणार नाही, असूही नये. अरुंद पात्रात धार लवकर वाढते, पसरट पात्रात उशिरा. वळणावर बाहेरच्या काठाला ओढ जास्त असते. खाली बंधारा असेल तर मर्यादा आणखी खाली आणावी लागेल. जलसंपदा विभागाचा अभियंता आणि त्या घाटाचा सर्वांत जुना नावाडी यांनी मे महिन्यात एकत्र उभे राहून ती ठरवावी. हे एका दिवसाचे काम आहे.

आता अवघड भागाकडे येतो. होडी बंद केली तर लोकांनी करायचे काय? २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर परिसरात वैनगंगेत होडी उलटून सहा महिला मजूर बुडाल्या. त्या मिरची तोडायला पलीकडे चालल्या होत्या. तेव्हा पूरही नव्हता. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे लोक बोटीने जात होते, कारण धरणाच्या पाण्याने दोन गावे समोरासमोर असूनही दूर करून टाकली आहेत आणि रस्त्याने मोठा वळसा पडतो. अशा माणसांना 'पाण्यात जाऊ नका' एवढेच सांगणारा शहाणपणा मला कठोर वाटतो. रोजची मजुरी बुडते, दूध नासते, बाळंतीण अडकते, तेव्हा माणूस धोका पत्करतो. त्याला धोका दिसत नाही असे नसते. म्हणूनच बंदीच्या आदेशात पर्यायही लिहिलेला असला पाहिजे: त्या दिवसांसाठी वळशाच्या रस्त्याने एसटीची फेरी, दुधाच्या संकलनाची पलीकडच्या काठावर सोय, गरोदर बायकांना आधीच तालुक्याच्या गावी हलवण्याची व्यवस्था. पूल हे अखेरचे उत्तर असले तरी तो व्हायला वर्षे लागतात आणि पाणी दरवर्षी येते.

आणि नावाड्याचे काय? पावसाळ्याचे चार महिने त्याच्या होडीला सर्वांत जास्त मागणी असते, कारण उन्हाळ्यात लोक पायी नदी ओलांडतात. त्यालाच नेमके तेव्हा 'होडी बांधून ठेव' असे सांगायचे आणि पोट कसे भरायचे ते विचारायचे नाही, हा अन्याय आहे. अशा बंदीला तो पहाटे, पोलीस नसताना, होडी सोडून उत्तर देतो. तेव्हा बंद दिवसांचा ठरीव मोबदला त्याला मिळावा. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मी टाळत नाही. एका जिल्ह्यात असे घाट मोजकेच असतात आणि बंदीचे दिवसही वर्षातून थोडेच. एका दुर्घटनेनंतर मृतांच्या वारसांना जाहीर होणारी मदत, शोधकार्याचा खर्च, चौकशीचा खर्च यांच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. शिवाय त्या दिवसांत तोच नावाडी घाटावरचा पहारेकरी होऊ शकतो: पातळी पाहणे, ती कळवणे, कोणी पाण्यात उतरत असेल तर थांबवणे. त्याच्याइतके हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

समुद्राच्या बाबतीत आपण हे तत्त्व कधीच मान्य केले आहे. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामागे माशांच्या प्रजननाचे कारण आहे आणि खवळलेल्या समुद्राचेही. गेट वे ते मांडवा यांदरम्यानच्या साध्या प्रवासी लाँचा पावसाळ्यात थांबतात आणि अलिबागकर त्याविरुद्ध मोर्चा काढत नाहीत, कारण हे थांबणे ठरलेले, माहीत असलेले आणि सगळ्यांना सारखे लागू असते. नदीला असा ऋतुमानाचा नियम नाही. नदी ओळखीची असते, तिच्यात आपण पोहायला शिकलेलो असतो, म्हणून तिच्याबद्दल समुद्राइतकी भीती वाटत नाही. आणि ओळखीच्या पाण्यानेच अधिक माणसे नेली आहेत.

वाढलेल्या पाण्यात होडी कधीच सोडू नये, असे मात्र मी म्हणत नाही. गोव्यात सत्तरी भागात म्हादईवर राफ्टिंग पावसाळ्यातच चालते. कोलाडला कुंडलिकेवर ते चालते, तेव्हा भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्याची वेळ माहीत असते. तिथे रबरी राफ्ट असते, जी आदळली तरी फुटत नाही; प्रत्येकाच्या अंगावर नीट बांधलेले जॅकेट आणि डोक्यावर शिरस्त्राण असते, वाटाड्याला प्रत्येक खळाळ ठाऊक असतो, आणि विसर्ग ठरावीक मर्यादेबाहेर गेला की फेरी रद्द होते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण केले आणि अशा व्यावसायिकांना नोंदणी व सुरक्षेची बंधने घातली. हे योग्यच झाले. पण मजेसाठी दीड तास पाण्यावर जाणाऱ्या पर्यटकाच्या जिवाची जी काळजी नियमांत लिहिली गेली, तीच खुरपणीला पलीकडे जाणाऱ्या बाईच्या वाट्याला आली पाहिजे. घाटावर जॅकेटे असतात तेव्हाही बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. लहान मूल त्यातून खाली निसटते. मुलांच्या मापाची चार जॅकेटे ठेवणे ही कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

नियम नसतील तर पर्यटनातही काय होते, हे आपल्याच गोदावरीने पुढे आंध्रात दाखवले. १५ सप्टेंबर २०१९ रोजी पापिकोंडलूच्या डोंगररांगेकडे जाणाऱ्या वाटेवर कच्चुलुरूजवळ पर्यटकांची बोट बुडाली. तेव्हा नदीला पाच लाख क्युसेकच्या आसपास पाणी होते. बोटीवर सत्तरहून अधिक माणसे होती, त्यांतली निम्म्याहून जास्त परतली नाहीत, आणि बुडालेली बोट बाहेर काढायला महिन्याहून अधिक काळ लागला. जे वाचले त्यांतल्या अनेकांना जवळच्या गावातल्या लोकांनी आपल्या होड्यांतून काढले. त्या पाण्यात बोट सोडण्याचा निर्णय तिकिटे विकून बसलेल्या माणसाने घेतला होता. ज्याला बोट सुटल्यावर पैसे मिळतात, त्याच्याच हाती ती न सोडण्याचा निर्णय देणे ही व्यवस्थेची मूळ चूक आहे, मग तो मोठा व्यावसायिक असो की गावचा गरीब नावाडी.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. यंत्राविना चालणाऱ्या नौकांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी, असा विचार त्यात आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्रशासनाला वाहतूक रोखण्याचा अधिकार आहे. राज्यात सागरी मंडळ आहे. पण मंडळाचे लक्ष स्वाभाविकपणे किनाऱ्याकडे असते, जिल्हाधिकाऱ्यांचे पुराच्या एकूण धावपळीकडे, आणि घाटावरची होडी दोन्हींच्या मधल्या जागेत राहते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत एकाच कुटुंबातले, नात्यातले अकरा जण होडी उलटून गेले. एका छोट्या होडीत इतकी माणसे बसत असताना थांबवण्याचे काम कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हते. म्हणून घाटाची जबाबदारी नावानिशी ग्रामपंचायतीकडे द्यावी, ग्रामसेवकाच्या पावसाळ्यापूर्वीच्या कामांत होडीची तपासणी घालावी, आणि होडीच्या अंगावर किती माणसे हे ठळक लिहून पाणी तेवढ्यापर्यंतच चढावे अशी रेघ ओढावी. भार वाढून ती रेघ पाण्याखाली गेली की माणसे उतरवायची. मोजत बसण्याचीही गरज नाही.

बचावाच्या बोटींना हा पातळीचा नियम लावता येणार नाही, हे उघड आहे. त्या निघतातच धोक्याच्या पातळीनंतर. पण त्यांची गरज कमी करता येते. २०१९ मध्ये कृष्णाकाठच्या अनेक घरांनी २००५ च्या पुराची खूण धरून ठेवली होती. त्या वर्षी आयर्विन पुलाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. यंदाही तेवढेच येईल, आपल्या उंबऱ्याला लागणार नाही, असा हिशेब होता. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. जनावरांना सोडून जायचे नाही, हे दुसरे मोठे कारण होते आणि ते मला पूर्णपणे समजते. गोठ्यातली दोन दुभती म्हणजे त्या घराची सगळी पुंजी असते. तेव्हा जनावरांच्या छावण्या चाऱ्यासह आधी उघडल्या आणि रस्ता कोरडा असताना ट्रॅक्टर लावले, तर माणसे आपण होऊन निघतात. रस्ता बुडाल्यावर बोटीने हलवलेले प्रत्येक कुटुंब हे आदल्या दिवशी ट्रॅक्टरने हलवता आले असते असे कुटुंब असते. ज्यांना तरीही बोटीनेच काढावे लागेल, त्यांच्यासाठी गावोगावी दिलेल्या बोटींवर आधीच नेमलेला एक माणूस असावा, ज्याचा शब्द सरपंचावरही चालेल, आणि ज्याने 'आता भरली, पुढच्या फेरीला' म्हटले की काठावरचा जमाव थांबेल. हा अधिकार त्याला जूनच्या ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, लेखी द्यावा लागेल. ऑगस्टच्या गर्दीत तो कोणी कोणाला देत नाही.